ताटातला चतकोर

पुंजाराम माळ्याने उभ्या जन्मात ताट कधी पूर्ण रिकामं केलं नाही. ज्वारीची भाकर असो की सणाची पोळी, शेवटचा चतकोर तो ताटाच्या कडेला सरकवून ठेवी. बाकीची माणसं ताटातच हात धुवून उठतात; हा मात्र तो चतकोर भिजू नये म्हणून अंगणात जाऊन हात धुई. वलगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंगतीला शेजारी बसणारे हसत, आणि बाजाराला जाणारे बैलबंडीवाले म्हणत की पुंजारामाच्या घरचा कुत्रा पाटलाने बोलावला तरी जायचा नाही.

त्याच्या बायकोला, मनकर्णेला, यात हसण्यासारखं काही दिसत नसे. नवीन घरात आली तेव्हा तिने तो चतकोर स्वतःवरच ओढून घेतला. आपली भाकर जाड होत असेल म्हणून पातळ थापली, कडक होत असेल म्हणून कढत पाण्यात पीठ मळलं, जात्यावर दोनदा दळलं. चतकोर उरतच राहिला. पहिल्या बाळंतपणानंतर अंगात थोडं धाडस आलं तेव्हा तिने एकदाच विचारलं, "माही भाकर बरी नाई होत का?"

"बरी हाय," तो म्हणाला. "सवय हाय मले." आणि बैलांच्या मागे मोटेवर निघून गेला.

यापलीकडे उत्तर मिळालं नाही, आणि यापलीकडे तिने विचारलंही नाही. पुंजारामाची ती पाटाची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाने आलेली, बायको होती. छप्पनच्या काळात, म्हणजे ज्या दुष्काळात वऱ्हाडातली माणसं झाडाचा पाला शिजवून खात होती त्या साली, तिचा पोरवयातला नवरा गेला होता आणि पुंजारामाची पहिली बायको जमुना गेली होती. तो तेल्हाऱ्याकडचा. दुष्काळात सरकारी रस्त्याच्या कामावर अकोल्याकडे गेला, तिथेच बायकोला माती दिली आणि फिरत फिरत वलगावला येऊन दुसऱ्याच्या मळ्यात राबू लागला. पुढे वऱ्हाड नागपूरच्या कारभाराला जोडला गेला, त्या सुमारास जातीतल्या चार जणांनी दोघांची गाठ घालून दिली. लग्नाला वाजंत्री असते, हळद असते, पंगतीत बायकोचं नाव घ्यायला लावणाऱ्या नणंदा असतात. पाटाला यातलं काही नसतं. अंधार पडल्यावर दिवा झाकून उरकायचं काम ते. एरवी नवऱ्याने बायकोचं नाव उच्चारण्याची रीत नाही. लग्नात तेवढं एकदा घ्यायचं, आणि ते एकदा तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

वाट्याला आला तो टाक. मेलेल्या सवतीची बोटाच्या पेराएवढी चांदीची प्रतिमा काळ्या पोतीत ओवून नव्या बायकोच्या गळ्यात घालतात. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास त्याला दाखवायचा, मग तोंडात घालायचा. नाहीतर पहिली कोपते, पोर दगावतं, विहीर आटते. मनकर्णेने हे सारं मुकाट्याने केलं. जमुनेला तिने कधी पाहिलं नव्हतं. पण त्या घरात जमुनेच्या आधी ती कधी जेवली नाही.

बाकी तक्रार करायला जागा नव्हती. पुंजारामाने तिच्यावर हात उगारला नाही, दारू प्याला नाही. दोघांनी मिळून पडीक जमीन मळ्याखाली आणली. तो मोट हाकी आणि ती दांडाने येणारं पाणी वाफ्यावाफ्यांत वळवी. पहाटे मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून ती डोक्यावर पाटी घेऊन अमरावतीच्या बाजारात जाई. पुढे बंडी झाली, संत्र्याची झाडं धरली, मुलगा उत्तम हाताशी आला, त्याची बायको रुख्मिणी घरात आली. धामणगावची विधवा नणंद पार्बताबाई भावाकडे राहायला आली तेव्हा तिने सबंध मळा फिरून पाहिला आणि म्हणाली, जमुना असती तर तिला किती आनंद झाला असता. मनकर्णा त्या वेळी वांगी तोडत होती. ती तोडतच राहिली.

तिच्या मनात एकच गोष्ट राहिली होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. या माणसाने आपलं नाव एकदा घ्यावं. पंगतीत नको, चारचौघांत नको. मळ्यात, विहिरीवर, कुठेही. उत्तमच्या लग्नात रुख्मिणीने लाजत नाव घेतलं आणि उत्तमने हसत घेतलं, तेव्हा तिने मांडवाच्या खांबाआडून नवऱ्याकडे पाहिलं होतं. तो पत्रावळी मोजून देत होता.

युरोपात दुसरी लढाई सुरू झाली त्या साली पुंजाराम विसरायला लागला. सुरुवात संत्र्यांपासून झाली. एका सकाळी त्याने उत्तमला विचारलं की ही झाडं कुणाची. थट्टा वाटून उत्तम हसला. मग तो बंडी विसरला, नातवंडांना शेजाऱ्यांची पोरं समजू लागला, स्वतःच्या विहिरीवर पाणी प्यायला मालकाची परवानगी मागू लागला. हात मात्र काही विसरले नव्हते. समोर मेथीचा ढीग टाकला की मुठीत मावेल तेवढी भाजी उचलायची, मुळं ठोकून सारखी करायची, केळीच्या खोडाच्या सोपाचा वेढा द्यायचा आणि टोक दातांनी तोडायचं, हे तो बिनचूक करी. बाजारात त्याची जुडी दुरून ओळखू येई. ती बांधणाऱ्याला मात्र बाजार कोणत्या गावचा हे सांगता येत नव्हतं.

उत्तम त्याला अमरावतीला एका डॉक्टरकडे घेऊन गेला. मनकर्णाही बंडीत बसली. डॉक्टर शहाणा होता. त्याने खोटा धीर दिला नाही. म्हातारपणी काहींचं असं होतं, म्हणाला. नवं असतं ते आधी जातं, जुनं मागे राहतं. लहानपणी शिकलेलं आणि फार सोसलेलं सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतं.

मनकर्णेने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग मी जुनी का नवी, डाक्टरसायेब?"

लग्न कधी झालं, असं डॉक्टरने विचारलं. छप्पनच्या काळाच्या नंतर, ती म्हणाली. डॉक्टर खाली पाहून औषधाची बाटली पुसू लागला.

परतताना बंडीत तिला शेतातला कुंदा आठवत राहिला. काळ्या जमिनीत हे गवत एकदा माजलं की वखराची लोखंडी पास वरून फिरते, रान स्वच्छ दिसतं, माणूस समाधानाने पेरणी करतो. मूळ मात्र पुरुषभर खोल असतं. पिकामागून पिकं येतात, खळ्यावर जातात, त्यांचा मागमूस राहत नाही. आणि ज्या साली पेरणी चुकते त्या साली सबंध शेतात कुंद्याशिवाय दुसरं काही उभं नसतं. आपण याच्या रानातलं पीक, तिच्या मनात आलं. चांगलं भरघोस आलो आणि खळ्यावर गेलो.

पार्बताबाईला डॉक्टर पटला नाही. तिला दुसरंच कारण सापडलं होतं. दोन वर्षांपूर्वी पोत तुटली तेव्हा मनकर्णेने जमुनेचा टाक देव्हाऱ्यात ठेवला होता आणि नव्या पोतीत परत ओवला नव्हता. आपलं वय झालं, आता कुणासाठी ही सवत मिरवायची, असं तिला त्या वेळी वाटलं होतं. पार्बताबाईने ते आता शेजारपाजारच्या बायांसमोर काढलं. जमुना कोपली, तिने भावाचं डोकं नेलं, आणि हे पाटाच्या बाईच्या घमेंडीने झालं. कुणी उलट बोललं नाही. रुख्मिणीनेसुद्धा मान खाली घातली. मनकर्णेने टाक काढून चिंचेने घासला, ओवला आणि गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी ताट वाढायला ती वाकली तेव्हा तो टाक पुंजारामाच्या डोळ्यांपुढे आला. त्याने तो दोन बोटांत धरला.

"कोनाचा टाक व्हय, बाई?" त्याने परक्या बाईला विचारावं तसं अदबीने विचारलं. "तुमच्या घरची पयली गेली का?"

इतकी वर्षं जे गिळलं होतं ते मनकर्णेला आता गिळवेना. "तुमचीच पयली," ती म्हणाली. "जमुना. मेली ते."

पुंजाराम ओरडला नाही. त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. चाळीस वर्षांपूर्वी गेलेली बाई त्याच्यासाठी त्याच क्षणी मेली होती. दिवसभर तो जेवला नाही. सकाळी उठला तो हसतमुख. रात्री सगळं पुसलं गेलं होतं. जेवायला बसला, टाक पाहिला, आणि पुन्हा त्याच अदबीने विचारलं की कोणाचा.

मनकर्णेने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही सांगितलं. आपण दुष्टपणा करतो आहोत हे तिला कळत होतं, पण ती कशाची तरी वाट पाहत होती. जमुना मेली हे याच्या डोक्यात एकदा ठरलं, की पुढचा प्रश्न याला पडायलाच हवा. मग इतकी वर्षं याच्या चुलीपुढे कोण बसलं? तो प्रश्न तिसऱ्या दिवशी खरोखर आला. डोळे पुसून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"मंग तुमी कोन?"

"मी मनकर्णा."

त्याने आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या. "कोन मनकर्णा?" तो म्हणाला.

तिने ताट उचललं. त्या संध्याकाळी टाक गळ्यातून काढून ज्वारीच्या कोठीत खोल खुपसून ठेवला. पार्बताबाईला काय बोलायचं असेल ते बोलू दे, असं सुनेला सांगितलं. टाक दिसेनासा झाला आणि पुंजारामाची जमुना पुन्हा जिवंत झाली.

पण जिवंत झाली म्हणून तिच्याकडे जाणं आलं. आता तो चतकोर ताटात राहीना. जेवण झालं की इकडेतिकडे पाहून तो धोतराच्या सोग्यात बांधी आणि उन्हातान्हात बाहेर पडे. कुणी अडवलं तर म्हणे, मुकादम ओरडेल, सुटीची वेळ संपत आली. कधी पेढी नदीच्या पात्रात सापडे, कधी शेजारच्या गावच्या वाटेवर. घरी आणल्यावर सोगा सोडून पाहावा तर त्यात कधी चतकोर असे, कधी नसे, आणि ज्या दिवशी नसे त्या दिवशी तो कुणाशी बोलत नसे, रात्री जेवत नसे. सवत लागली, पार्बताबाई म्हणे. उत्तमने फाटकाला कडी लावली. म्हाताऱ्याने कुंपणाची काटी उपसली, हात रक्ताने माखून घेतले आणि गेला.

वैशाखातल्या एका दुपारी असाच गेला. उत्तम बाजारात होता. मनकर्णा पदर डोळ्यांवर ओढून मागोमाग निघाली. परतवाड्याकडे जाणाऱ्या सडकेची दुरुस्ती चालू होती. कडेला दगडांचे ढीग पडले होते आणि मजूर बाया-माणसं खडी फोडत होती. त्यांच्यामध्ये पुंजाराम उकिडवा बसला होता. दगड पायाच्या अंगठ्याने दाबून धरायचा, हातोडा उंच न उचलता मनगटाने सोडायचा, कपची डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान बाजूला कलती करायची. मळ्यात आयुष्य काढलेल्या त्या माणसाने हातोडा धरलेला तिने कधी पाहिला नव्हता. कामावरचा मुकादम गमतीने म्हणाला, "बाई, बुढा कामाचा हाय तुमचा. ठिवून जा इथंच."

हशा पिकला. पुंजारामाने वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर होतं, समोर डोक्यावरून पदर घेतलेली बाई उभी होती, गळ्यात टाक नव्हता. त्याचा चेहरा असा उजळला की तसा तिने तो इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. संत्र्यांचा पहिला बहर आला तेव्हा नाही, उत्तम झाला तेव्हाही नाही.

"जमुने," तो म्हणाला.

बायकोचं नाव न घेणारा माणूस हा. चार परक्यांसमोर त्याने ते घेतलं. मग हातोडा बाजूला ठेवून सोग्याची गाठ सोडली आणि चतकोर दोन्ही तळव्यांवर धरून तिच्यापुढे केला. तो वाळून खडखडीत झाला होता.

"पाय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आज वाटंत नाई खाल्ली म्या."

मनकर्णा हळूहळू त्याच्यासमोर खाली बसली. खडीचं काम, झोपडीत तापाने पडलेली बायको, तिच्यासाठी राखलेला चतकोर आणि तो घेऊन चालताना पोटात पेटलेली आग. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. दुष्काळ तिनेही पाहिला होता. तो किती वेळा रिकाम्या हाताने झोपडीत शिरला असेल आणि काय थाप मारली असेल, तेवढंच तिला माहीत नव्हतं. आणि तिने काय केलं होतं? जाड थापली, पातळ थापली, दोनदा दळली. ज्या भाकरीला ती इतकी वर्षं नावं ठेवत आली, तिच्यात खोट कधी नव्हतीच. त्या भाकरीचा आणि तिचा यात संबंधच नव्हता.

मी जमुना नाही, असं म्हणणं सोपं होतं. तोंडही उघडलं होतं तिने. पण त्याचे तळहात पुढे आलेले होते.

तिने चतकोर घेतला आणि खाल्ला. कोरडा, मातीचा, घामाने खारट झालेला. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. तो तिच्या जबड्याकडे पाहत होता.

"खाल्ली?"

"खाल्ली."

त्याने मोठा श्वास सोडला. मग शेजारी सरकून बसला, आणि नवरा बायकोशी उगीच गावगप्पा करतो तसं बोलू लागला. तसं तो मनकर्णेशी कधी बोलला नव्हता. मजुरी बरी आहे, म्हणाला. पाऊस येणार, वारा फिरला आहे. मग एकदम काही आठवून म्हणाला, "भाकर त्या बाईनं देल्ली. मळ्यात एक बाई हाय, ते. चांगली बाई हाय व. तिच्या हातची भाकर लय मऊ रायते."

मनकर्णेने पदर तोंडाशी धरला. मग तिने विचारलं, "नाव काय तिचं?"

पुंजाराम विचारात पडला. त्याची बोटं जमिनीवरची खडी चाळवत होती, ती थांबली. त्याने मळ्याच्या दिशेने पाहिलं, जणू तिथून कुणी सांगेल.

"इचारलंच नाई म्या," तो म्हणाला.

ती त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. वाटेत तो मुलासारखा चालला.

त्यानंतर पुंजाराम कुंपण उपसून कुठे गेला नाही. रोज दुपारी तो जेवे, चतकोर सोग्यात बांधे, आणि मनकर्णा मागल्या दाराने जाऊन विहिरीजवळच्या चिंचेखाली बसे. तो तिथे येई, जमुनेला हाक मारी, भाकर देई आणि तिने खाल्ली की नाही ते पाही. हा चतकोर खायचा म्हणून ती स्वतःच्या जेवणात तेवढीच भाकर कमी खाऊ लागली. म्हाताऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सासू-सासऱ्यांचं उतारवयातलं हे सूत पाहून रुख्मिणीला कौतुक वाटे, आणि मनकर्णेने ते वाटू दिलं. चिंचेखाली जे प्रेमाचे शब्द कानावर पडत, ते तिने खरोखर मागितले होते तसेच होते. फक्त ते दुसरीचे होते, आणि ते ऐकताना दुसरीच्या तोंडाने हुंकार द्यावा लागे.

दिवाळीच्या तोंडावर तो अंथरुणाला खिळला आणि जमुनेचा हात हातात धरून शांतपणे गेला. बायांनी मनकर्णेची पोत तोडली. पार्बताबाईने जमुनेचा टाक मागितला तेव्हा तिने कोठीत खांद्यापर्यंत हात घालून तो काढून दिला. सोनाराकडून नवा जोडटाक करून आणला: एकाच चांदीच्या पत्र्यावर पुंजाराम आणि जमुना शेजारी शेजारी. देव्हाऱ्यात त्याची स्थापना झाली. पार्बताबाईला तिची दया आली असावी. "तुयाबी करू मागून," ती म्हणाली.

मनकर्णा त्यानंतर बरीच वर्षं जगली. मळ्यात जाई, जुड्या बांधी, नातसुनांना पाटी डोक्यावर कशी तोलायची ते दाखवी. जेवताना मात्र भाकरीचा चतकोर तिच्या ताटाच्या कडेला राहून जाई. चिंचेखाली आता कुणी येणार नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, हाताला मात्र नव्हतं. रुख्मिणी काही दिवस पाहत राहिली. तिने भाकर पातळ थापून पाहिली, कढत पाण्यात पीठ मळून पाहिलं. शेवटी एका दुपारी चुलीकडे तोंड करूनच तिने सासूला विचारलं, "मामीजी, माही भाकर बरी नाई होत का?"

मनकर्णेला सगळं सांगता आलं असतं. ऐकणारी समोर होती, वेळ होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने ताटातला चतकोर पाहिला, तो भिजू नये म्हणून तांब्या उचलला आणि हात धुवायला अंगणाकडे निघाली.

"बरी हाय," ती म्हणाली. "सवय हाय मले."